लांबी तपासणारा पायथन क्लास: नावाच्या जागी ‘नन’ का छापलं जातं?

प्रश्न थोडक्यात असा. दादरच्या एका हाउसिंग सोसायटीचं सभासद-रजिस्टर ठेवण्यासाठी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने ‘सभासद’ नावाचा क्लास लिहिला आहे. नाव ३ ते २० अक्षरांचं, मोबाइल १० आकडी, घरचा फोन ८ आकडी किंवा ०२२ धरून ११ आकडी, पिनकोड ६ आकडी, अशा अटी आहेत. तक्रारी चार. एकदा चुकीचं नाव टाकून मग बरोबर टाकलं की रजिस्टरात ‘नन’ (पायथनच्या भाषेत ‘काहीच नाही’) छापलं जातं. मोबाइलपाशी प्रोग्राम कोसळतो. घरच्या फोनला काहीही टाकलं तरी चालतं. आणि ‘लक्ष्मीकांत ज्ञानेश्वर’ हे नाव फार लांब म्हणून परत येतं.

खालचा कोड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिला आहे. संगणकावर क्लास, डेफ, इफ, रिटर्न हे राखीव शब्द, लेन (लांबी मोजणारं), इनपुट (टंकलेलं वाचणारं) यांसारखी तयार फंक्शनं आणि कोडमधले आकडे इंग्रजीतच टंकायचे. सभासद, नाव, पिन ही तुमची स्वतःची नावं मात्र पायथन ३ मध्ये देवनागरीत ठेवली तरी चालतात.

तुमच्या क्लासचा दुखरा भाग हा:

क्लास सभासद:
    डेफ __इनिट__(सेल्फ):
        सेल्फ.नाव = सेल्फ.नाव_घे()
        सेल्फ.मोबाइल = सेल्फ.मोबाइल_घे()

    डेफ नाव_घे(सेल्फ):
        नाव = इनपुट("नाव: ")
        इफ लेन(नाव) < ३ ऑर लेन(नाव) > २०:
            प्रिंट("नाव चुकीचं आहे")
            सेल्फ.नाव_घे()
        एल्स:
            रिटर्न नाव

    डेफ मोबाइल_घे(सेल्फ):
        मोबाइल = इंट(इनपुट("मोबाइल: "))
        व्हाइल लेन(मोबाइल) != १०:
            प्रिंट("दहा आकडे हवेत")
        रिटर्न मोबाइल

आधी ‘नन’. ‘नाव_घे’ पहिल्यांदा चालतं तेव्हा तुम्ही ‘अ’ टाकता. लांबी १, म्हणून ‘नाव चुकीचं आहे’ छापून फंक्शन स्वतःलाच पुन्हा हाक मारतं. या दुसऱ्या फेरीत तुम्ही ‘सुनंदा’ टाकता. लांबी ६, सगळं ठीक, आणि दुसरी फेरी ‘सुनंदा’ परत देते. पण ती देते कोणाला? तिला हाक मारणाऱ्या पहिल्या फेरीला. पहिल्या फेरीत त्या ओळीवर नुसती हाक आहे. आलेलं नाव कशात ठेवलेलं नाही, पुढेही पाठवलेलं नाही. वॉचमनला चौथ्या मजल्यावरून चिठ्ठी आणायला पाठवलं, त्याने ती आणली, आणि आपण हातच पुढे केला नाही, तसं हे झालं. ओळ संपली, फंक्शन संपलं, आणि रिटर्न न करता संपलेलं कुठलंही पायथन फंक्शन ‘नन’ परत देतं. तेच ‘सेल्फ.नाव’मध्ये जाऊन बसलं.

तुमच्या कोडमध्ये ‘एल्स’ आहे म्हणून निदान ‘नन’ दिसलं तरी. ‘एल्स’ काढून ‘रिटर्न नाव’ शेवटी टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर घेऊ नका. तसं केलं की पहिल्या फेरीतलं चुकीचं ‘अ’ निमूट साठवलं जाईल आणि पडद्यावर काहीच बिघडलेलं दिसणार नाही. ‘नन’ पुढे कुठेतरी अडखळतं, चुकीचं नाव अडखळत नाही.

‘रिटर्न सेल्फ.नाव_घे()’ एवढं केलं की दोष जातो. तरी ती वाट धरू नये असं माझं मत आहे. प्रत्येक चुकीला एक नवी फेरी जुनीच्या डोक्यावर चढते आणि पायथन साधारण १००० थरांवर थांबून ‘रिकर्शनएरर’ देतो. माणूस हजार वेळा चुकणार नाही हे खरं, पण फाइलमधून माहिती वाचणारा प्रोग्राम चुकेल. ‘बरोबर येईपर्यंत विचारत राहा’ हे सरळसरळ ‘व्हाइल’चं काम आहे.

मोबाइलपाशी संदेश येतो, ‘टाइपएरर: ऑब्जेक्ट ऑफ टाइप इंट हॅज नो लेन’. ट्रेसबॅक, म्हणजे प्रोग्राम कोसळताना छापला जाणारा मजकूर, खालून वाचायची सवय लावा. शेवटच्या ओळीत काय बिघडलं ते असतं, तिच्या वर कुठे बिघडलं ते. ‘इनपुट’ नेहमी मजकूर देतं, तुम्ही ‘इंट’ लावून त्याची संख्या केली, आणि संख्येला लांबी नसते. ‘इंट’ काढलं की लगेच दुसरा दोष उघडा पडेल: चुकीचा नंबर दिला की पडदा ‘दहा आकडे हवेत’ने भरून वाहत राहील, कारण लूपच्या आत नव्याने विचारलेलंच नाही. कंट्रोल-सीने थांबवा आणि ‘इनपुट’ची ओळ लूपच्या आतही घ्या.

फोन नंबर ही संख्या नव्हेच. त्याची बेरीज-वजाबाकी करायची नसते. मुंबईत तर याचा थेट फटका बसतो. ०२२ धरून लिहिलेल्या ११ आकडी नंबराला ‘इंट’ लावलं की पुढचं शून्य उडतं आणि उरतात १० आकडे. म्हणजे घरचा फोन मोबाइलच्या लांबीच्या तपासणीतून सुखरूप पार होतो. मोबाइल, फोन, पिन, आधार, सगळं मजकूर म्हणूनच ठेवा.

घरच्या फोनची अट तुम्ही अशी लिहिली आहे: ‘इफ लेन(फोन) == ८ ऑर ११’. बोलताना हे बरोबर वाटतं. पायथन मात्र याचे दोन तुकडे करतो: ‘लांबी ८ आहे का’ हा एक, आणि नुसतं ‘११’ हा दुसरा. शून्य सोडून कुठलीही संख्या खरी धरली जाते, म्हणून अट कधी खोटी होतच नाही. ‘लेन(फोन) इन (८, ११)’ असं लिहा. उलट्या दिशेची चूकही तेवढीच नेहमीची: ‘लेन(फोन) != ८ ऑर लेन(फोन) != ११’. एकच लांबी एकाच वेळी ८ आणि ११ असू शकत नाही, म्हणून ही अटही कायम खरी आणि सगळे नंबर नामंजूर. तिथे ‘अँड’ हवं, किंवा सरळ ‘नॉट इन’.

आता लक्ष्मीकांत. इथे जरा थांबू, कारण मराठीत चालणाऱ्या प्रत्येक फॉर्मला हा प्रश्न आहे आणि इंग्रजी धड्यांत त्याचा उल्लेख नसतो.

‘लेन’ आपण म्हणतो ती अक्षरं मोजत नाही. ते युनिकोडची, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंचातली, चिन्हं मोजतं. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही प्रत्येकी वेगळी चिन्हं आहेत. ‘परळ’ची लांबी ३, ‘दादर’ची ४, ‘मुंबई’ची ५ (म, उकार, अनुस्वार, ब, ई). ‘श्री’ कानाला एकच अक्षर, पण लांबी ४: श, हलन्त, र, ईकार. ‘लक्ष्मीकांत’ ११ आणि ‘ज्ञानेश्वर’ १०, मधली जागा १, एकूण २२. तुमची मर्यादा २०. म्हणून वाचायला आठच अक्षरं असलेलं नाव परत येतं.

खालच्या टोकाला उलटं होतं. किमान ३ ठेवल्यामुळे ‘जय’ आणि ‘ओम’ नाकारले जातात, दोघांची लांबी २. आणि नुसतं ‘श्री’ लिहून पुढे गेलेला माणूस मंजूर होतो.

खरी अक्षरं मोजायची असतील तर ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूल पायथनसोबतच येतं. त्यातलं ‘कॅटेगरी’ फंक्शन प्रत्येक चिन्हाचा वर्ग सांगतं. मात्रा, अनुस्वार, हलन्त यांचा वर्ग इंग्रजी ‘एम’ने सुरू होतो. ते वगळून उरलेली अक्षरं मोजा आणि जोडाक्षर एकच धरायचं असेल तर जोडाक्षरातल्या प्रत्येक हलन्तामागे एक वजा करा. लक्ष्मीकांत ज्ञानेश्वरमध्ये मूळ अक्षरं १२, हलन्त ४, म्हणून अक्षरं ८. बोटांवर मोजून पाहा, जुळतं.

पण रजिस्टरासाठी एवढा खटाटोप करू नका असंच मी सांगेन. नावाची कमाल मर्यादा कशासाठी असते? कोणी चुकून अख्खा परिच्छेद चिकटवला तर तो अडावा म्हणून. त्यासाठी २० कशाला, १०० ठेवा. किमान २ ठेवा. अक्षरं अचूक मोजण्याची गरज ओळखपत्रासारख्या ठरावीक रुंदीच्या छपाईला लागते, तपासणीला नाही. मर्यादेबाहेरचं नाव गुपचूप कापून बसवणं तर अजिबात नको: ‘क्षितिज’ची पहिली दोन चिन्हं घेतली तर हाती पाय मोडका ‘क्’ येतो.

एकाच नावाची दोन रूपंही असू शकतात. ‘गोऱ्हे’ या आडनावातला अर्धा ऱ् तीन तऱ्हेने साठवलेला सापडतो. खालच्या टिंबाचा ‘ऱ’ एकाच चिन्हात असेल तर लांबी ६. ‘र’ आणि टिंब वेगळं असेल तर ७. साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह, अशा जुन्या पद्धतीने टंकलं असेल तरीही ७. पडद्यावर तिन्ही जवळपास सारखी दिसतात, पण ‘==’ लावलं तर जुळत नाहीत आणि एकाच सभासदाच्या दोन नोंदी होतात. ‘युनिकोडडेटा.नॉर्मलाइज’ला ‘एनएफसी’ (एकसारखं करण्याची एक ठरावीक पद्धत, हेही इंग्रजीतच टंकायचं) सांगितलं की पहिली दोन रूपं एक होतात. तिसरं होत नाही, ते जोडचिन्ह स्वतः बदलावं लागतं. अशा ठिकाणी नुसतं ‘प्रिंट(नाव)’ करून काही कळत नाही. ‘प्रिंट(रेप्र(नाव), लेन(नाव))’ करा. ‘रेप्र’ अदृश्य जोडचिन्ह, टॅब, ओळीच्या शेवटचं चिन्ह, सगळं उघड करून दाखवतं. माझ्या मते लांबीच्या दोषांत या एका ओळीइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

याच कारणाने नावावर ‘इजअल्फा’ (सगळी अक्षरंच आहेत का ते सांगणारं) लावू नका. ‘परळ’ला ते खरं म्हणतं आणि ‘दादर’ला खोटं, कारण काना हे त्याच्या लेखी अक्षर नाही. डेटाबेसची मर्यादा बाइटमध्ये असेल तर आणखी जपा: यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे ‘मुंबई’ १५ बाइट.

आकड्यांचंही असंच. मराठी कीबोर्डवरून टंकलेला देवनागरी पिनकोड ‘इजडेसिमल’ला (सगळे आकडेच आहेत का ते सांगणारं) चालतो, त्याची लांबी ६ भरते, ‘इंट’सुद्धा त्याची बरोबर संख्या करतं. पण मजकूर म्हणून तो इंग्रजी आकड्यांतल्या पिनशी जुळत नाही. मुंबईचे पिन ४०० ने सुरू होतात म्हणून तुम्ही ‘स्टार्ट्सविथ’ लावलंत तर तो देवनागरी पिन नापास होईल. उपाय असा की एकेक आकडा घेऊन त्याला इंग्रजी रूप द्यायचं. संपूर्ण नंबराला ‘इंट’ लावायचं नाही, नाहीतर शून्याचा घोळ परत. ‘इजडिजिट’पेक्षा ‘इजडेसिमल’ बरं, कारण ‘इजडिजिट’ घातांकात लिहितात तो छोटा २ सुद्धा मंजूर करतं आणि मग ‘इंट’ त्यावर कोसळतं.

या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे. तुमच्या क्लासने विचारणं, तपासणं आणि साठवणं ही तीन कामं एकाच फंक्शनात कालवली आहेत. ती वेगळी केली की वरचे बहुतेक दोष लपायला जागा राहत नाही.

इम्पोर्ट युनिकोडडेटा

डेफ आकडे_काढ(मजकूर):
    मजकूर = मजकूर.स्ट्रिप().रिप्लेस(" ", "").रिप्लेस("-", "")
    इफ नॉट मजकूर.इजडेसिमल():
        रेज व्हॅल्यूएरर("फक्त आकडे लिहा")
    रिटर्न "".जॉइन(स्ट्र(इंट(क)) फॉर क इन मजकूर)

डेफ नाव_तपास(मजकूर):
    नाव = युनिकोडडेटा.नॉर्मलाइज("एनएफसी", मजकूर.स्ट्रिप())
    इफ नॉट २ <= लेन(नाव) <= १००:
        रेज व्हॅल्यूएरर("नाव फार लहान किंवा फार लांब आहे")
    रिटर्न नाव

डेफ मोबाइल_तपास(मजकूर):
    मोबाइल = आकडे_काढ(मजकूर.स्ट्रिप().रिमूव्हप्रिफिक्स("+९१"))
    इफ लेन(मोबाइल) != १०:
        रेज व्हॅल्यूएरर("मोबाइल १० आकडी हवा, मिळाले " + स्ट्र(लेन(मोबाइल)))
    रिटर्न मोबाइल

डेफ विचार(प्रश्न, तपासणी):
    व्हाइल ट्रू:
        ट्राय:
            रिटर्न तपासणी(इनपुट(प्रश्न))
        एक्सेप्ट व्हॅल्यूएरर ॲज चूक:
            प्रिंट(चूक)

क्लास सभासद:
    डेफ __इनिट__(सेल्फ, नाव, मोबाइल):
        सेल्फ.नाव = नाव_तपास(नाव)
        सेल्फ.मोबाइल = मोबाइल_तपास(मोबाइल)

तपासणारं फंक्शन चूक सापडली की ‘रेज’ने कळवतं, आणि ‘विचार’ ती ‘एक्सेप्ट’ने पकडून पुन्हा विचारतं. फोन आणि पिनची फंक्शनं याच धर्तीवर तुम्ही लिहा. फोनमध्ये लांबी ११ असेल तर सुरुवात ०२२ने आहे ना, तेही पाहा.

यातल्या काही जागा सांभाळा. ‘स्ट्रिप’ दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा काढतं, पण मूळ मजकूर बदलत नाही, नवा देतं. नुसतं ‘नाव.स्ट्रिप()’ लिहून पुढे गेलात तर पदरी काही पडत नाही. +९१ काढायला ‘एलस्ट्रिप’ वापरू नका: ते ‘+९१’ हा शब्द काढत नाही, सुरुवातीची +, ९ आणि १ ही चिन्हं सापडतील तितकी खात जातं. ९ने सुरू होणारे मोबाइल कितीतरी असतात, त्यांचा पुढचा आकडाच जाईल. ‘रिमूव्हप्रिफिक्स’ पायथन ३.९ पासून आहे. ‘विचार’ला तपासणी देताना ‘विचार("नाव: ", नाव_तपास)’ असं लिहा, ‘नाव_तपास’पुढे कंस नको. कंस टाकला की फंक्शन तिथल्या तिथे चालायला जातं आणि मजकूर मिळाला नाही म्हणून ‘टाइपएरर’ येतो. आणि ‘एक्सेप्ट’पुढे ‘व्हॅल्यूएरर’ लिहायचंच. मोकळा ‘एक्सेप्ट’ ठेवलात तर कंट्रोल-सीसुद्धा गिळला जाईल आणि लूपमधून बाहेर पडता येणार नाही.

तपासणी ‘विचार’मध्ये झाली असताना ‘__इनिट__’मध्ये पुन्हा कशाला, असं वाटेल. उद्या सेक्रेटरी जुन्या रजिस्टराची एक्सेल फाइल देतील, तेव्हा ‘इनपुट’ मध्ये येणारच नाही. क्लासच्या दारावर तपासणी असेल तर कुठल्याही वाटेने आलेली माहिती तिथे अडते.

‘__इनिट__’मधून चूक कळवायला ‘रिटर्न फॉल्स’ लिहू नका, त्यानेही ‘टाइपएरर’ येतो. ‘रेज’च हवं. ‘__इनिट__’च्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असतात. एकेकच टाकलं तर ‘सभासद टेक्स नो आर्ग्युमेंट्स’ असा संदेश दिसतो आणि चूक भलतीकडे शोधली जाते.

नाव नंतरही बदलता यावं म्हणून ‘प्रॉपर्टी’ वापरलीत, तर सेटरच्या (नवी किंमत देताना आपोआप चालणाऱ्या फंक्शनाच्या) आत ‘सेल्फ.नाव = …’ लिहू नका. ती ओळ पुन्हा त्याच सेटरला हाक मारते आणि ‘रिकर्शनएरर’ येतो. आत ‘सेल्फ._नाव’ ठेवा. ‘__इनिट__’मध्ये मात्र अंडरस्कोर नसलेलं ‘सेल्फ.नाव’ हवं, नाहीतर पहिलंच नाव न तपासता आत जाईल.

चाचणी सीमेवर घ्या, मधल्या सोप्या नावांवर नाही. नावासाठी रिकामा मजकूर, नुसत्या तीन जागा, ‘अ’, ‘जय’, मग ‘"अ" * १००’ आणि ‘"अ" * १०१’. यातलं पहिलं, दुसरं, तिसरं आणि शेवटचं नाकारलं गेलं पाहिजे, उरलेली दोन पास. मोबाइलसाठी ९, १० आणि ११ आकडे, मध्ये जागा असलेला, +९१ लावलेला आणि देवनागरी आकड्यांतला. ‘नाकारलं जातं’ हेही चाचणीने सिद्ध करा: ‘ट्राय’मध्ये हाक मारा, ‘व्हॅल्यूएरर’ आला तर ठीक, आणि ‘एल्स’मध्ये पोहोचलं तर चाचणी नापास.

पिनसाठी एक चाचणी खास मुंबईची घाला. ६ आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आहे, त्याआधी इथले पत्ते ‘मुंबई १४’, ‘मुंबई २८’ असे लिहायचे. सोसायटीतले ज्येष्ठ सभासद अजूनही तसंच लिहितात, आणि दादर पूर्वचा ४०० ०१४, दादर पश्चिमचा ४०० ०२८ पाहिला तर शेवटचे आकडे तेच दिसतील. त्यावरून प्रोग्रामने स्वतःच पिन बनवू नये. ‘मुंबई १४’ नाकारलं जावं, पण ‘फक्त आकडे लिहा’ एवढं सांगितलं तर ते आजोबा नुसतं १४ लिहून परत अडकतील. म्हणून पिनच्या तपासणीत संदेश असा ठेवा: ‘पूर्ण ६ आकडी पिन लिहा, जसा ४०० ०१४’.